फक्त अक्काच्या दिवशी

आमच्या खानदेशात थंडी पडते, हे बाहेरच्या माणसाला कधी पटत नाही. जळगाव म्हटलं की त्याला मे महिना आठवतो आणि तो आधीच कपाळ पुसायला लागतो. पण डिसेंबर संपता संपता सातपुड्यावरून वारा सुटला की केळीवाले बागेच्या बांधावर ओला पालापाचोळा पेटवून धूर करतात, म्हाताऱ्यांच्या कानटोप्या उतरत नाहीत, आणि सकाळी दात घासायच्या आत माझा फोन वाजतो. "भाऊ, गाडी सुरूच होत नाही."

मी डिझेल गाड्यांचा मिस्त्री. हातात पाना पहिल्यांदा धरला तो धुळ्याला, हायवेवरच्या एका ट्रकच्या वर्कशॉपमध्ये. पुढे जळगावात स्वतःचं गॅरेज टाकलं. ट्रकवरून जीपवर आलो, जीपवरून मोठ्या लोकांच्या मोठ्या गाड्यांवर. आता मुलगा गॅरेज बघतो आणि मी खुर्ची टाकून बसतो. लोक विचारतात, एवढ्या वर्षांत सगळ्यात अवघड काम कोणतं केलं? त्यांना वाटतं इंजिन बांधणं अवघड. ते खरं तर सगळ्यात सोपं. मोडलेली वस्तू समोर असते, ती बदलायची. अवघड असतो तो फॉल्ट, जो मिस्त्रीला दिसतच नाही.

थंडीतला स्टार्टिंगचा त्रास असाच असतो. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखी ठिणगी नसते. हवा इतकी दाबायची की ती तापते, त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा मारायचा आणि तो आपोआप पेटतो. थंडीत लोखंडच गार पडलेलं, त्यामुळे हवा पुरेशी तापत नाही. म्हणून आत छोटे हीटर प्लग असतात, ते आधी थोडी ऊब देतात. एवढं करूनही डिझेल नीट पेटलं नाही तर गाडी हिवताप आल्यासारखी थरथरते आणि मागून पांढरा धूर सोडते. पाच-दहा मिनिटांत इंजिन गरम झालं की सगळं शांत. मग मालक ती गाडी माझ्याकडे आणतो तेव्हा दुपार झालेली असते, इंजिन तापलेलं असतं, आणि गाडी देवघरातल्या समईसारखी शांत जळत असते. मालक म्हणतो, "सकाळी बघायला हवं होतं तुम्ही!" मी म्हणतो, "हो."

धुळ्याच्या एका मास्तरांची गाडी अशीच थंडीभर खोकत होती. तेव्हा मला फार शोधावं लागलं नाही. एअर फिल्टरचं झाकण उघडलं आणि आतून उंदीर उडी मारून माझ्या बाहीत शिरला. फिल्टरच्या डब्यात त्यानं भुईमुगाच्या टरफलांचा बिछाना केला होता. मास्तर मला म्हणाले, "म्हणजे दोष गाडीचा नाही तर!" आणि खूश होऊन गेले. असे फॉल्ट मिस्त्रीला आवडतात. चोपड्याच्या नानांच्या गाडीचा तसा नव्हता.

नाना केळीचे मोठे व्यापारी. एका चांगल्या हंगामात त्यांनी ती परदेशी बनावटीची भलीमोठी गाडी नवी घेतली होती. पुढे ती जुनी झाली, तिचे पार्ट मिळेनात, तिच्या वयाच्या बाकीच्या गाड्या भंगारात गेल्या. नाना मात्र ती विकायला तयार नव्हते, कारण अक्का.

अक्का म्हणजे नानांच्या पत्नी. त्यांच्या किडन्या गेल्या होत्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. सोबत हृदयाचा त्रास, त्यामुळे डॉक्टरांनी जळगावलाच यायला सांगितलं होतं, आणि मशीनची पाळी सकाळी पहिली. म्हणजे चोपड्याहून उजाडायच्या आत निघायचं. अक्कांची हाडं दुखायची. जीपमध्ये बसवलं तर प्रत्येक खड्ड्याला त्या डोळे मिटून घ्यायच्या. या गाडीची मागची सीट पलंगासारखी आडवी होई आणि तापीच्या पुलापर्यंतचा खराब रस्ता हिच्यात जाणवतच नसे. एकदा नाना मला म्हणाले, "भाऊ, मी गाडी नाही ठेवली. अक्काची खाट ठेवली शे, चाकं लावीसन."

त्या थंडीत त्यांचा फोन आला. "गाडी खूप थरथरते. सुरू होता होता बॅटरी उतरते. आज शेजारची जीप केली. अक्काले लई त्रास व्हयना."

गाडी आली ती दुपारी, आणि अर्थातच एका सेल्फला सुरू झाली. मी स्कॅनर लावला. स्कॅनर म्हणाला, काही नाही. हीटर प्लग काढून पाहिले, दोन कमजोर होते. सगळेच बदलले. डिझेलच्या लाईनमध्ये एअर घेते का तेही पाहिलं. एअर घेणं म्हणजे टाकीतून इंजिनाकडे येणाऱ्या डिझेलमध्ये बारीक फटीतून हवा शिरणं. मी मध्ये एक पारदर्शक नळी जोडली, सलाईनच्या नळीसारखी. बुडबुडे असते तर त्यात दिसले असते. एकही नव्हता. गाडी रात्रभर गॅरेजमध्ये ठेवली आणि सकाळी स्वतः सेल्फ मारला. अगदी मखमल. मी नानांना छाती काढून सांगितलं, "घेऊन जा. प्लगच होते."

पुढच्या मंगळवारी पुन्हा तेच.

मी बॅटरी बदलली. हीटर प्लगना वीज देणारा रिले बदलला. डिझेलचा फवारा मारणारे इंजेक्टर काढून धुळ्याला माझ्या उस्तादांकडे नेले. ते म्हातारे झालेत, पण अजून पंपाच्या टेबलाजवळ बसतात. त्यांनी एकेका इंजेक्टरचा फवारा तपासला आणि चष्मा काढून म्हणाले, "हे तर चांगले शेतस." मी म्हटलं, "मग काय असेल?" त्यांनी बराच वेळ विचार केला. मला वाटलं आता काहीतरी बाहेर येणार. ते म्हणाले, "समजत नही रे भो." माझी उरलीसुरली हिंमत तिथंच संपली.

मग नानांनी एक गोष्ट सांगितली, आणि मी पार चक्रावलो. "भाऊ, सोमवारी चांगली सुरू होते. बुधवारी चांगली होते. शुक्रवारी, रविवारी, काही त्रास नाही. फक्त अक्काच्या दिवशी रुसते."

गाडीला वार कळत नाही, एवढं तरी मला इतक्या वर्षांत ठाऊक होतं. मी म्हटलं, "नाना, अक्कांच्या दिवशी तुम्ही पहाटे सुरू करता, बाकीच्या दिवशी ऊन वर आल्यावर. थंडीचा फरक असेल." ते म्हणाले, "मीही तेच समजलो. म्हणून काल, सोमवारी, मुद्दाम पहाटे उठून सुरू केली. एका सेल्फला झाली."

आणि आज मंगळवार होता. आज ती इतका वेळ घेऊन बसली की जीप बोलावेपर्यंत पाळी गेली. दवाखान्यात दुसऱ्या दिवशीची पाळी दिली. डायलिसिस चुकलं की अंगातलं पाणी अंगातच राहतं, हे तोवर मलाही माहीत नव्हतं. मंगळवारी संध्याकाळी अक्कांना श्वास पुरेना. त्यांना तातडीनं दवाखान्यात दाखल करावं लागलं. दोन दिवस ऑक्सिजन लावला होता. त्यानंतर नानांचा फोन आला. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त एवढंच म्हणाले, "भाऊ, तुमच्यानं होत नसेल तर तसं सांगा. मी दुसरं काही बघतो."

मी अक्का घरी येईपर्यंत थांबलो आणि पाने, स्कॅनर, नळ्या पिशवीत भरून चोपड्याला मुक्कामालाच गेलो. शुक्रवार होता. नानांचा ड्रायव्हर काशिनाथ माझ्याहून थोडा लहान, शांत माणूस. त्यानं मला गाडी कशी सुरू करतो ते करून दाखवलं. त्याच्या पद्धतीत काही खोट नव्हती.

शनिवारी पहाटे मी कोटावर शाल घेऊन अंगणात उभा होतो. गाडी घराच्या ओट्याला लागून उभी होती. काशिनाथनं सेल्फ मारला. गाडी घरघरली, बंद पडली. पुन्हा मारला. एकदम सगळं धूड हलायला लागलं, बॉनेट थडथडायला लागलं, आणि पांढरा धूर इतका निघाला की अंगणातली तुळस दिसेना. इतके दिवस जे फक्त ऐकत होतो ते शेवटी डोळ्यांनी पाहिलं. पाहून काय कळलं? काही नाही. प्लग नवे, बॅटरी नवी, इंजेक्टर तपासलेले. मी बॉनेट उघडून नुसता बघत राहिलो.

ओट्यावर खुर्चीत अक्का बसल्या होत्या. दोन्ही खांद्यांवरून घोंगडी, हाताला पट्टी. त्या माझ्याकडे बघून बारीक हसल्या आणि म्हणाल्या, "गाडीले बी समजस भास्कर, माले जावानं नही शे."

नाना म्हणाले, "काहीही बोलते." आणि घाईघाईनं त्यांची पाण्याची बाटली शोधायला आत गेले.

गाडी शेवटी सुरू झाली. ते गेले, दुपारी परत आले. अक्का गादीवर पडून राहिल्या. मी दिवसभर गाडीखाली होतो. तापलेल्या गाडीत काय सापडणार? संध्याकाळकडे काशिनाथनं गाडी मागच्या गोदामात नेऊन लावली.

रविवारी पहाटे मी गोदामात गेलो आणि स्वतः सेल्फ मारला. थंडी तर शनिवारपेक्षा जास्त होती, नळाखालच्या बादलीत हात घालवत नव्हता. गाडी एका सेल्फला सुरू. थरथर नाही, धूर नाही. मी स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसलो. तुम्हाला हसू येईल, पण त्या क्षणी मला खरंच वाटलं की अक्का म्हणतात ते खरं असावं.

सोमवारी दुपारी नाना केळीच्या वजनकाट्यावर गेले होते. मी ओट्यावर पाय सोडून बसलो होतो. अक्का आतून भिंतीला धरत आल्या आणि खुर्चीत बसल्या.

"तू कसाले इतला जीव काढी राह्यना?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "अक्का, कामच आहे माझं. आणि तुमचा श्वास अडकला त्या दिवसापासून मला जेवण जात नाही."

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "एक सांगू? गाडी चालू नही व्हयनी ना, का माले बरं वाटस. वाटस, आज तरी सुटनू. सुई नही, ते मशीन नही." त्यांनी पट्टीवर हात ठेवला. "नानाले सांगजो नको."

गाडीत काय बिघडलंय हे मला कळत नव्हतंच. आता गाडी दुरुस्त करावी की नाही, हेही कळेना. ज्यांच्यासाठी ती दुरुस्त करायची त्यांनाच ती नको होती. ज्यांना हवी होती त्यांना हे सांगायचं नव्हतं. मी नुसती मान हलवली. त्यांना वाटलं मी कबूल केलं. काय कबूल केलं ते मलाही ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी काशिनाथ गोदामातून गाडी घेऊन आला आणि ओट्याकडे वळवली. ओट्याला पाच-सहा उंच पायऱ्या होत्या. त्यांच्या बाजूनं सिमेंटचा एक रॅम्प केलेला होता. काशिनाथनं गाडी त्या रॅम्पवर चढवली, तेव्हा तिचं दार बरोबर ओट्याच्या पातळीला आलं. नाक वर, शेपूट खाली, अशी ती उभी राहिली.

मी विचारलं, "रोज इथंच लावतोस?"

"नाही भाऊ. उद्या जायचं असलं की आदल्या संध्याकाळी लावतो. अक्कांना पायरी उतरवत नाही ना. ओट्यावरून सरळ गाडीत पाय. बाकी दिवस गोदामात."

गाडीची डिझेलची टाकी मागे असते, इंजिन पुढे. नाक वर करून रात्रभर उभी केली की नळीतलं डिझेल मागे टाकीकडे ओढ घेणार. आणि कुठंतरी बारीक फट असेल, थंडीनं आक्रसलेलं एखादं जुनं रबर असेल, तर तिथून हवा आत शिरणार आणि डिझेल मागे घसरणार. सपाट जागेवर ओढच नाही, म्हणून गॅरेजमध्ये बुडबुडा नव्हता. गोदामात त्रास नव्हता. ऊन वर आलं की रबर फुगून फट बंद. मी त्या घरात तीन दिवस होतो, आणि शनिवारी याच रॅम्पशेजारी उभा राहून बॉनेटमध्ये डोकं घातलं होतं.

मी फिल्टरजवळ पारदर्शक नळी जोडून ठेवली. मंगळवारी पहाटे टॉर्चच्या उजेडात बघितलं. संध्याकाळी डिझेलनं भरलेली नळी अर्ध्याहून जास्त रिकामी होती. मी नानांना हाक मारली. ते आले, नळीकडे बघत राहिले. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. शोध लागला म्हणून मी इतका उतावळा झालो होतो की त्यांच्या चेहऱ्याकडे माझं लक्षच नव्हतं.

"म्हणजे," नाना म्हणाले, "हा रॅम्प मी केला म्हणून?"

तेव्हा मला कळलं. तो रॅम्प त्यांनी गवंड्याजवळ उभं राहून अक्कांसाठी करून घेतला होता. पायरीवर एकदा अक्कांचा तोल गेला, त्यानंतर. मी घाईनं म्हटलं, "नाही नाना, रॅम्पचा काय दोष? रबर जुनं झालंय. फिल्टरच्या तोंडाची रिंग आणि ही एक नळी, एवढंच."

पण नाना खाली बसले. धोतराचा सोगा हातात धरून रॅम्पकडे बघत राहिले. "ती ऑक्सिजनवर होती," ते म्हणाले, "अन् मी म्हणत होतो, मिस्त्रीलाच काम जमत नाही. उद्याच हा फोडून टाकतो."

ओट्यावरून अक्का म्हणाल्या, "रॅम्प फोडशात तर मी त्या गाडीमा बसावचं नही."

नाना वर बघायला लागले. मीही. अक्कांनी माझ्याकडे पाहिलं, एक क्षणच. त्या नजरेत राग होता की काय होतं, मला सांगता येत नाही. मी मान खाली घालून नळी काढायला लागलो. त्या दिवशी डिझेल हातपंपानं वर चढवलं, गाडी सुरू झाली आणि ते वेळेवर निघाले. रिंग आणि नळी आली तशी मी ती बसवली. त्यानंतर ती गाडी त्याच रॅम्पवर नाक वर करून कितीही थंडीत उभी राहिली तरी सकाळी एका सेल्फला सुरू होई.

खरं तर मिस्त्रीनं इथं थांबावं आणि मिशीवर हात फिरवावा. मला ते जमलं नाही. मंगळवार, गुरुवार, शनिवार पहाटे जाग आली की माझ्या डोळ्यांपुढे अक्का यायच्या. आता गाडी सुरू होणार, आता त्यांना उठावं लागणार, आता सुई. हे मी केलं. पुढच्या क्षणी दुसरं चित्र यायचं, ऑक्सिजनचं. तेही मीच थांबवलं. या दोन्ही गोष्टींची बेरीज मला कधी जमली नाही. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्ही गाडी दुरुस्त केली. अक्का तुमच्याकडे दुरुस्तीला आल्या नव्हत्या." बरोबर होतं तिचं. तरी झोप लागायची नाही.

महाशिवरात्रीच्या आसपास एका दुपारी ती गाडी माझ्या गॅरेजसमोर येऊन थांबली. पुन्हा बिघडली की काय म्हणून मी खुर्चीतून उठलो. काशिनाथ उतरला आणि म्हणाला, "अक्का बोलावतात."

डायलिसिस करून त्या परत चालल्या होत्या. चेहरा पिवळट, ओठ कोरडे. मी मागचं दार उघडून उभा राहिलो. नाना पुढच्या सीटवर होते. अक्कांनी चहा मागवला, अर्धाच कप. दिवसाचं पाणी मोजून घ्यायचं असतं त्यांना. नाना चहाची आठवण करून द्यायला टपरीवर गेले, तशी त्यांनी शेजारची जागा थोपटली. "बस आठे."

मी कामाच्या कपड्यात होतो. तेल लागेल म्हणून कडेला टेकलो.

"तुनामुये जानं पडस," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "अक्का, मला माफ करा. मला काय करावं तेच कळलं नाही."

"आयक. मी मांगे पडी राहस. डोया मिटेल ऱ्हातस माना, त्यासले वाटस मी झोपनू. अन् हाऊ मानूस," त्यांनी टपरीकडे बोट केलं, "चोपडापास्ने जयगावपावत मांगे वळी वळी माले देखस. रस्ता देखतच नही. मान आखडी जास, तरी देखस. मी डोया बारीक करीसन त्याले देखत ऱ्हास." त्यांनी श्वास घेतला. "घरमा इतला टाइम कधी देखे का तो माले? केळीच देखे."

नाना कप घेऊन परत येत होते. दोन्ही हातांनी धरलेला, सांडू नये म्हणून पायाखाली बघत. अक्का त्यांच्याकडे बघत होत्या. मला म्हणाल्या, "उतर आते."

त्यांनी चहा घेतला, घोट घोट करून, बराच वेळ लावून. मग काशिनाथनं सेल्फ मारला. मी सवयीनं आवाज ऐकला. ठीक होता. गाडी चोपड्याच्या रस्त्याला लागली, आणि मागच्या काचेतून मला नानांचं पांढरं डोकं मागे वळलेलं दिसलं.